बूट काढून पाहिलेलं घर

सिएटलजवळच्या बॉथेल गावातलं घर आम्ही घेतलं त्याआधी ते बऱ्याच जणांनी तपासलं, आणि त्यातली पहिली तपासणी फुकटात झाली. ती केली नवऱ्याच्या मित्रांनी. सगळे महाराष्ट्रातले, सगळे इंजिनिअर आणि बहुतेकांची नोकरी विमानं बनवण्याच्या धंद्यात. कुणी पंखांवर काम करायचा, कुणी वायरिंगवर, एकजण तर वर्षानुवर्षं फक्त दरवाज्यांच्या बिजागऱ्या डिझाइन करत होता. त्यांच्यात सिव्हिल इंजिनिअर एकही नव्हता, पण ही गोष्ट त्यांच्यापैकी कुणाला खटकली नाही. शनिवारी सकाळी माझ्या हातचे पोहे खाऊन मंडळी दोन गाड्यांतून निघाली, मुलगी बघायला निघावं तशी. फरक एवढाच की पोहे आधीच खाऊन झाले होते.

आम्हाला घर हवं होतं त्याचं कारण एकच. लेकीला दमा होता. ती तेव्हा पहिलीत होती आणि आम्ही राहत होतो त्या अपार्टमेंटला बारा महिने ओल. हिवाळ्यात खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूनं पाणी ओघळायचं, बाथरूमच्या छताला काळे ठिपके यायचे, मी ते ब्लीचनं पुसायचे आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा हजर. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होते, दिवसभर काचेच्या बशांत वाढवलेले जंतू आणि बुरशी बघायची, त्यामुळे ते ठिपके काय आहेत हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लेकीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषधं मी देईन, पण हिला कोरडी जागा द्या. तेवढी एक अट घेऊन आम्ही घरं बघत होतो. निदान मी तरी.

मित्रमंडळींत एक काका होते. वयानं सगळ्यांत मोठे, सगळ्यांच्या आधी अमेरिकेत आलेले, त्यामुळे इथं कसं वागावं हे ते न विचारता सांगायचे. त्या घराच्या दारात मी वाकून बुटाची नाडी सोडायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. "वहिनी, बूट काढू नका. दुसऱ्याच्या घरात असं मोज्यांवर फिरलं की इथल्या लोकांना ऑकवर्ड वाटतं. इट्स अ मॅटर ऑफ मॅनर्स." ज्यांच्या आयांनी त्यांना चपला घालून उंबरा ओलांडला म्हणून बडवलं असेल, ते सगळे कर्तबगार पुरुष बूट घालून आत शिरले. मीही शिरले.

घर त्या भागात तेव्हा सर्रास दिसायचं तसंच होतं. दार उघडलं की समोर जिना, अर्धा वर जाणारा, अर्धा खाली. वर स्वयंपाकघर, बसायची खोली आणि लहान लहान बेडरूम. खाली एक भलीमोठी खोली, अर्धी जमिनीत गेलेली, भिंतींना लाकडी पॅनेल, खाली जाडजूड नवं कार्पेट आणि बागेकडे उघडणारी रुंद खिडकी. लेक त्या खोलीत गोल गोल धावली आणि "धिस वन इज माइन" म्हणून मोकळी झाली. नवरा माझ्याकडे बघून हसला. त्याच क्षणी त्यानं ते घर मनात घेऊन टाकलं होतं, पुढचा सगळा खटाटोप उपचार म्हणून.

इंजिनिअरांनी मात्र कामात कुचराई केली नाही. त्यांनी भिंती ठोकल्या, जमिनीवर गोट्या सोडून उतार बघितला, प्रत्येक स्विच दाबला, माळ्यावर चढून एकाची पँट फाटली. मी विचारलं, खालच्या खोलीत ओल येत असेल का? बिजागरीवाल्यानं पॅनेलवर तळहात दाबला आणि सांगितलं, "बोन ड्राय, वहिनी." तेव्हा सप्टेंबर चालू होता. सिएटलचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, आठवड्यामागून आठवडे पावसाचा थेंब नसतो. अंगणात पापड वाळत घातले असते तर दुपारपर्यंत वाळले असते. मी तसं म्हटलंही, पण पापडांचा मुद्दा कुणी गंभीरपणे घेतला नाही.

दुसरी तपासणी पैसे देऊन झाली. घर घेण्याआधी माणूस आणून ते तपासून घ्यायचं ही पद्धत तेव्हा आमच्या भागात नुकती रुळत होती. लायसन्सबिन्स काही नाही, ज्याच्याकडे शिडी आणि टॉर्च तो इन्स्पेक्टर. आमच्या एजंटबाईंनी त्यांच्या माहितीतला एक सुचवला. एजंटबाई अतिशय गोड. लेकीसाठी चॉकलेट आणायच्या, आम्हाला स्वतःच्या गाडीतून फिरवायच्या, म्हणून आम्ही धरून चाललो होतो की त्या आमच्या. पुढे कळलं की कागदोपत्री त्या विकणाऱ्याच्याच एजंट होत्या. त्या काळी बहुतेक असंच असायचं आणि आमच्यासारख्या नवख्यांना ते कुणी उलगडून सांगत नसे.

त्यांचा इन्स्पेक्टर सभ्य माणूस होता. आल्या आल्या दोघांनी एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी केली. मग तो घरभर फिरला, छताकडे खालून बघितलं, नळ सोडले, आणि बाईंच्या थर्मासमधली कॉफी संपायच्या आत त्याचं झालंसुद्धा. मी त्याला खालच्या खोलीबद्दल विचारलं. तो म्हणाला, ओलीची कुठलीही दृश्य खूण नाही. कार्पेट उचलून बघाल का? ते मला करता येत नाही, मालकाची वस्तू आहे. सोफा सरकवाल का? तेही नाही. मग तुम्ही नक्की काय बघता? जे दिसतं ते, असं तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. जे दिसतं ते मलाही दिसत होतं.

घरी येताना गाडीत आमचं वाजलं. मी म्हटलं, "तिचंच कमिशन, तिचाच माणूस. तो कशाला मोडता घालेल?"

"तू प्रत्येकावर डाउट घेतेस," नवरा म्हणाला.

"लॅबमध्ये मला त्याचाच पगार देतात."

पण रिपोर्ट चांगला होता, मित्रांचं मत चांगलं होतं, आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. आम्ही बयाणा देऊन बसलो. ऑक्टोबरच्या शेवटी सह्या करायचं ठरलं.

मग पाऊस सुरू झाला. तिथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तो रेंगाळतो. आठवडाभर आकाश डोक्याला टेकलेलं, सगळं टिपटिप. लेकीची छाती पुन्हा वाजायला लागली, औषधाच्या मशीनपुढं तिला बसवायची वेळ पुन्हा येऊ लागली, आणि मी मनात दिवस ढकलत होते की एकदाचं ते घर ताब्यात येऊ दे.

सह्यांच्या आदल्या दिवशी घरातून शेवटची चक्कर मारायची असते. सगळं ठरल्याप्रमाणे आहे ना, विकणाऱ्यानं आपलं सामान नेलं ना, एवढंच बघायला. नवरा कामावरून परस्पर आला, मी लेकीला शाळेतून घेऊन आले, एजंटबाई किल्ली घेऊन उभ्याच होत्या. दार उघडलं आणि मी बूट काढले. उद्यापासून आमचं होणार त्या घरात मी बुटांनी शिरणार नव्हते. आमचे देव जिथं मांडायचे तिथं चिखल नेऊ? एजंटबाईंना वाटू दे काय वाटायचं ते. माझं बघून लेकीनंही बूट काढून भिरकावले. वर सगळं ठीक होतं. ती थेट खाली धावली, खिडकीशी पोचली आणि तिथूनच ओरडली, "आई, माय सॉक्स आर वेट!"

मी गेले. रिकाम्या खोलीत ती एक पाय उचलून बगळ्यासारखी उभी. भिंतीलगत मी टाच दाबली, तर मोज्यातून पाणी वर आलं.

एजंटबाई क्षणभरही अडखळल्या नाहीत. करारात लिहिल्याप्रमाणे विकणाऱ्यानं काल सगळी कार्पेटं धुऊन घेतली होती, आणि असल्या हवेत ती वाळली नव्हती, इतकंच. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "बघ! मी म्हटलं ना," तो म्हणाला. तो काही म्हणाला नव्हता, पण असो. खुलासा पटण्यासारखा होता हे मलाही मान्य. म्हणून मी वाद घातला नाही. मी चालायला लागले. त्या रिकाम्या खोलीत मी मोज्यांवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घातल्या, दर पावलाला टाच दाबत. खोलीचा मधला भाग कोरडा. जिन्याकडची बाजू कोरडी. पायऱ्या कोरड्या, वरच्या खोल्या कोरड्या. ओला होता तो फक्त बागेकडच्या भिंतीलगतचा एक पट्टा.

"धुणाऱ्याचं मशीन फक्त भिंतीच्या कडेनं फिरलं का?" मी एजंटबाईंना विचारलं. त्या नुसत्या हसत राहिल्या.

मग मी गुडघ्यांवर बसले आणि कार्पेटला नाक लावलं. वर साबणाचा वास होता. खाली तो दुसरा वास होता, कुबट, गोडसर, आमच्या बाथरूमचा. नवरा कानकोंडा झाला. "अगं ऊठ, काय हे?" तो मराठीत पुटपुटला. मी उठले आणि बाईंना सांगितलं की उद्या सही होणार नाही.

त्या संध्याकाळी आमचा फोन थंड झाला नाही. मित्रांनी पाळी लावून समजावलं. वहिनी, इतक्या पुढं गेल्यावर बॅकआउट करता येत नाही. वहिनी, बयाणा बुडेल. वहिनी, इतकी ओल इथं सगळ्यांकडेच असते. शेवटी काकांचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले की एवढ्या लोकांनी चेक केलेलं घर मोज्यावरून रिजेक्ट करणं बरं दिसत नाही.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या घरी तुम्ही कुणाला बूट घालून आत येऊ देता?"

"नाही. ते वेगळं."

"मग तुम्ही सगळे कुणाचं घर बघायला गेला होतात?"

काकांनी फोन काकूंकडे दिला. काकू हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे गं तुझं. हटू नकोस."

दुसऱ्या इन्स्पेक्टरला मी टेलिफोनच्या पिवळ्या पुस्तकातून शोधून काढलं. अट एकच, तो इतक्या दूरच्या गावचा हवा की आमच्या एजंटबाईंना त्याच्या मुलांची नावं माहीत नसावीत. मालकाचीही परवानगी मिळवली, कार्पेट उचलायची आणि एक पॅनेल काढायची. पुन्हा सगळं पूर्ववत करून देऊ असं लिहून दिलं तेव्हा कुठे मिळाली.

आला तो धिप्पाड, तोंडाळ आणि कायम आठ्या घातलेला. दारातूनच त्यानं घराला नावं ठेवायला सुरुवात केली. पण खालच्या खोलीत त्यानं दोन सुयांचं एक यंत्र भिंतीला टोचलं आणि काटा झपकन पलीकडे गेला, तेव्हा मी त्याचं बाकीचं सगळं माफ केलं. पॅनेल काढलं. मागची भिंत काळी होती. मी लॅबमध्ये रोज बघायचे तेच काळं, फक्त बशीत नाही, भिंतभर. माझी लेक त्या भिंतीशी उशी लावून झोपणार होती.

तो बाहेर गेला, आम्ही छत्री घेऊन मागोमाग. बागेत त्या भिंतीला टेकून कुणीतरी हौसेनं मातीचा वाफा रचला होता, त्यात फुलझाडं. वाफ्याची माती आतल्या जमिनीपेक्षा कितीतरी वर. आणि छपराच्या त्या बाजूचं सगळं पाणी गोळा करणारी पन्हळ नेमकी त्या वाफ्यात मोकळी होत होती. फुलझाडं जोमात होती.

इथं थांबला असता तर तो माझ्या लेखी देवमाणूस. पण त्याला आता चेव चढला. घर तापवणारी भट्टी हा हिवाळा काढणार नाही. छप्पर फार तर दोन-तीन वर्षं. धुराडं धोक्याचं, गच्चीचा कठडा धोक्याचा, गॅरेजमधला स्विच तर जीवघेणा. त्याच्या तोंडून त्या घराचा एकही अवयव धड सुटला नाही. त्याला आमचं अपार्टमेंट दाखवलं असतं तर तो जागीच आडवा झाला असता. ट्रकमध्ये चढताना म्हणाला, मी असतो तर सोडून दिलं असतं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. आदल्या आठवड्यात जो माझ्या मोज्यांना हसत होता तोच आता म्हणाला, "सोड हे घर. यू वेअर राइट." मित्रांचे पुन्हा फोन, आता सूर उलटा. वहिनी, वाचलात. वहिनी, थँक गॉड. एजंटबाईही बयाणा परत मिळवून द्यायला तयार झाल्या. सगळ्यांचं एकमत होऊ लागलं की मला आपोआप कसंतरी होतं.

शिवाय त्या इन्स्पेक्टरचा ट्रक सुरू व्हायच्या आत मी खिडकीवर टकटक करून त्याला एकच प्रश्न विचारला होता. बाकी सगळं सोडा, बाहेरून येणारं पाणी थांबवलं तर ही खोली माणसानं राहण्यासारखी होईल? त्याला ते आवडलं नाही. होय म्हणायला त्याच्या जिवावर आलं. पण म्हणाला, होईल, नीट खणून काढलं तर.

"हेच घर घ्यायचं," मी नवऱ्याला सांगितलं.

"तुला नक्की काय हवंय? सगळे हो म्हणत होते तेव्हा तू नाही म्हणत होतीस."

"तेव्हा पाणी कुठून येतं ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे. दुसरं घर बघायला जाऊ तेही असंच अर्धं जमिनीत असणार, त्याच्यावरही हाच पाऊस पडणार, आणि तिथं आपल्याला काहीच माहीत नसणार."

"आणि भट्टी? छप्पर?"

"भट्टी बंद पडली तर नवी आणू. भट्टी बंद पडल्यानं पोरीची छाती वाजत नाही."

शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पण एजंटशी तू बोल." ते मी आनंदानं केलं असतं, त्यानं सांगितलं नसतं तरी. मी बाईंना माझ्या अटी सांगितल्या. वाफा काढायचा, भिंतीलगत खोल चर खणायचा, त्यात खडी आणि भोकांचा पाइप टाकून पाणी उताराकडे न्यायचं, भिंतीला बाहेरून ओल न लागणारा लेप द्यायचा, आतली पॅनेलं आणि कार्पेट काढून टाकायचं आणि भिंत साफ करून उघडी ठेवायची. सगळं विकणाऱ्यानं, सह्यांच्या आधी. बाई म्हणाल्या, तो कधीच तयार होणार नाही. मी म्हटलं, ही ओल आता मला माहीत आहे तशी तुम्हालाही माहीत आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला तुम्ही कार्पेट धुतल्याचं सांगू शकणार नाही. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा चॉकलेट दिलं नाही, पण विकणारा तयार झाला.

काम झालं असं बाईंनी कळवल्यावर मी नवऱ्याला घेऊन गेले, बागेतला पाण्याचा पाइप त्या भिंतीच्या पायथ्याशी लावला आणि नळ पूर्ण सोडला. पाऊस पडतच होता. शेजारीण खिडकीतून बघत होती. पावसात भिंतीला पाणी घालणारी ही कोण भारतीय बाई, असं तिला वाटलं असणार, आणि पुढे मैत्री झाल्यावर तिनं ते कबूलही केलं. नवरा पाइप धरून बाहेर छत्रीखाली, मी आत उघड्या सिमेंटवर अनवाणी. गार जमिनीवर पाय बधिर होईपर्यंत मी त्या कडेनं फिरले. जमीन कोरडी राहिली. तेव्हा मी सही करायला गेले.

आमची खालची खोली पहिल्या हिवाळ्यात गोदामासारखीच होती, उघडी भिंत, उघडी जमीन. मित्र आले की "वहिनींचं वेअरहाउस" म्हणून हसायचे, आणि दारात न सांगता बूट काढायचे. काका सगळ्यांत आधी. लेकीला मी तिथं लगेच झोपवलं नाही. पावसाचा पूर्ण मोसम मी रोज त्या भिंतीवर हात फिरवला, आणि ती आतून कोरडी आहे याची खात्री पटली तेव्हाच तिचा पलंग खाली नेला. भट्टीला त्या तोंडाळ इन्स्पेक्टरनं एक हिवाळाही दिला नव्हता. ती अनेक वर्षं कुरकुरत चालली.

दमा घरामुळे गेला असं मी म्हणणार नाही. लॅबमध्ये आयुष्य काढलेलं माणूस असं बोलत नाही, आणि तो पूर्ण गेलाही नाही. पण शाळेत सोडण्याआधी रोज सकाळी तिच्या पाठीला कान लावायची मला ती तीन वर्षांची असल्यापासून सवय होती. आत एक बारीक शिट्टी वाजायची, मी ती ऐकून ठरवायचे की आज शाळा की घर. त्यानंतरच्या वसंतात एका सकाळी पाऊस पडत होता, ती खालच्या खोलीतून धावतच जिना चढून आली, कोपऱ्यावर बस लागलेली. मी तिला दारात धरली आणि पाठीला कान लावला. तिचं काळीज धावल्यामुळे धडधडत होतं. मी कान काढला नाही. अजून ऐकत राहिले, शिट्टी सापडेना म्हणून.

"आई, द बस! व्हॉट डू यू हिअर?"

"काही नाही," मी म्हटलं आणि तिला सोडलं. ती चढावरून बसकडे पळत सुटली, दप्तर पाठीवर आपटत, आणि मी तशीच उघड्या दारात उभी राहून पोटभर रडले.